धागा: हरिपूरच्या पेवातला व्हॅम्पायर आणि अडकलेली कादंबरी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पहिलं प्रकरण इथे टाकलं तेव्हा "पुढचा भाग कधी" म्हणून बरेच जण मागे लागले होते. पुढचे भाग लिहून झालेत. गाडं आता अगदी मधोमध अडलंय, म्हणून हा वेगळा धागा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: गोष्ट सांगलीतली, आणि शेजारच्या हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांतली. एक व्हॅम्पायर १८४३ साली इथे उगवतो आणि २०१९च्या महापुरापर्यंत इथेच राहतो. १८४३ का, तर त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव आप्पासाहेबांपुढे सीता स्वयंवराचा खेळ केला. दिवट्यांच्या उजेडात रात्रीचा खेळ, गावभर गर्दी, आणि रंगलेल्या तोंडांची राक्षसपार्टी "अलल्लऽ डुर्र" करत नाचतेय. दात असलेला माणूस त्या राक्षसांत मिसळला तर कोण ओळखणार? हे प्रकरण लिहिताना मला जी मजा आली ती पुढे कुठेच आली नाही.

अडचण अशी की काळप्रवास ही कादंबरीची मूळ कल्पना आहे, आणि ज्याला मरण नाही त्याला काळयंत्र कशाला लागतं हेच मला पटवून देता येत नाहीये. पुढे जायला त्याला यंत्र नकोच, नुसतं बसून राहिला तरी २०१९ येतं. मग मागे का जाईल? सूड लिहून पाहिला, गमावलेलं प्रेम लिहून पाहिलं. दोन्हींत तो हिंदी मालिकेतला नायक वाटायला लागतो.

सुचवा. शिव्या घातल्यात तरी चालतील, पण मुद्द्याला धरून.

उसातला_बिबट्या

हल्ली व्हॅम्पायरांचं पेव फुटलंय, त्यात तुमचा हा खराखुरा पेवातला. पॉपकॉर्नऐवजी भडंग घेऊन बसलोय.

बाकी शिराळ्याकडे माणूस मेला तर नाव आमचंच येणार, त्यामुळे तुमच्या नायकाला पकडले जायची भीती नाही. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस सकाळी सापडला नाही की गाव पिंजरा लावतं, क्रूस नाही.

नुसता_वाचक

एक मूलभूत शंका. आपल्याकडे वेताळ, खवीस, समंध, हडळ, मुंजा एवढी मंडळी बिनकामाची बसली असताना परदेशी पाहुणा कशाला? सांगलीत व्हॅम्पायर म्हणजे मला तरी ओढूनताणून वाटतं.

कृष्णाकाठ

रास्त शंका, पण विचार करूनच ठरवलंय. आपली भुतं जागेला बांधलेली. मुंजा पिंपळ सोडत नाही, समंध पुरलेलं धन सोडत नाही, वेताळाची तर शिवेवर पूजाच होते, तो एका अर्थी गावचा पदाधिकारी. शिवाय बहुतेकांना शरीर नाही. मला हाडामांसाचा, भूक लागणारा, भाड्याने खोली घेऊन राहणारा प्राणी हवा होता. भुताचं जेवण लिहिता येत नाही.

लाल_पेशी

मी पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे जेवणाचा हिशोब माझ्याकडे.

एक लिटर रक्तात प्रथिनं साधारण २०० ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने ८०० किलोकॅलरी. साखर आणि चरबी नावापुरती. माणसाएवढी ऊर्जा लागत असेल तर रोज अडीच लिटर प्यायला हवं. मोठ्या माणसात एकूण पाच लिटरच्या आसपास असतं. दोन दिवसांत एक माणूस! १७६ वर्षांत सांगली, मिरज, कुपवाड सगळं आटोपेल. तेव्हा तुमच्या नायकाचं शरीर थंड ठेवा, हालचाल कमी ठेवा, दिवसेंदिवस निपचित पडलेला असू दे. रक्तावर जगणारी खरी वटवाघळं दक्षिण आणि मध्य अमेरिकेत असतात, आणि दोन-तीन रात्री उपाशी राहिली की मरतात. भारतात रक्त पिणारं वटवाघूळ नाही. आपल्याकडे ज्याला खोटं व्हॅम्पायर म्हणतात ते किडे, बेडूक आणि उंदीर खातं.

दुसरं, आणि हे कुठल्याच सिनेमात दाखवत नाहीत: लोह. लिटरभर रक्तात सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह असतं, आणि माणसाचं शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषून घेतं. जास्तीचं बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात जवळजवळ नाही. ते यकृतात साठतं, कातडीचा रंग राखाडी-कांस्य होत जातो. म्हणजे तुमचा व्हॅम्पायर गोरा फटक अजिबात नसेल. तांबूस काळपट, उन्हात राबणाऱ्या माणसासारखा. सांगलीच्या मार्केट यार्डात उभा राहिला तर हमालांत खपून जाईल.

कृष्णाकाठ

ताई, हे सोनं आहे. पहिल्या प्रकरणातला "संगमरवरी चेहरा" आज रात्रीच काढून टाकतो.

मिरजेची_सून

चावलेला माणूस व्हॅम्पायर होतो की नाही, हे आधी ठरवा. महिन्याला एक जण चावला आणि प्रत्येक चावलेला पुढच्या महिन्यापासून कामाला लागला, तर आकडा दर महिन्याला दुप्पट. ३३ महिन्यांत ८ अब्ज ओलांडतात, आमच्या मुलाने हे वहीत करून दाखवलं. म्हणजे १८४३ला सुरुवात झाली तर भाव्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या खेळापर्यंत प्रेक्षकच उरणार नाहीत.

सेकंदकाटा

धागा उशिरा पाहिला. भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागणार, माफी आधीच मागतो.

१) पुढे जाण्याचा काळप्रवास खरा आहे, सिद्ध आहे. १९७१ साली सीझियमची अतिअचूक अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तर जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा फरक पडला, आणि तो सापेक्षतेच्या गणिताप्रमाणेच पडला. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, ती दुरुस्ती केली नाही तर तुमचा मोबाईल तुम्हाला विश्रामबागेऐवजी भलतीकडे दाखवेल.

२) मागे जाण्याचं गणित कागदावर निघतं. गोडेलने १९४९ला आइनस्टाइनच्या समीकरणांतूनच असं विश्व काढून दाखवलं की ज्यात पुढे पुढे चालत राहिलं की माणूस स्वतःच्या भूतकाळात पोचतो. आपलं विश्व तसं नाही, हा भाग वेगळा. १९८८ला मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर यांनी कृमिविवराचं (वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातल्या दोन जागा जोडणारा बोगदा) काळयंत्र मांडलं. त्याची एक अट तुमच्या फार कामाची आहे: ते यंत्र ज्या क्षणी तयार झालं त्याच्या आधी कधीच जाता येत नाही. म्हणजे १८४३ला जायचं तर दार १८४३ला किंवा त्याआधी तिथे असायलाच हवं. २०१९ला कुणा शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बनवून भागणार नाही. हॉकिंगचं १९९२चं म्हणणं तर असं की निसर्ग अशी दारं उघडूच देत नाही. पण ते अनुमान आहे, तेव्हा कादंबरीला मोकळीक.

३) "पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर फिरते, मग तो अंतराळात का पडत नाही" असं कोणीतरी विचारणारच. विवराची दोन्ही तोंडं पृथ्वीला धरून असली की तो प्रश्न उरत नाही.

थोडक्यात, तुम्हाला यंत्र नको. १८४३पासून सांगलीत असलेलं एक जुनं, अंधारं भोक हवंय.

पेवकरी

सायेब, भोकाचं काय घेऊन बसलाय, हरिपुरात पेवं हायती की. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हळदीचाच धंदा. शीर्षक तुमी पेवातला दिलंय, पर पेव तुमी आत उतरून बघितल्यालं दिसत न्हाय, म्हनून सांगतो.

पेव म्हंजी जमिनीत खनलेली मोठी घागर. तोंड एवढं निमुळतं की एक मानूस कसाबसा उतरंल. खाली पोट रुंद. वीस-पंचवीस फूट खोल. संगमाजवळची ती मातीच तशी, भिताड न बांधता उभी ऱ्हाती. हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपून टाकायची. वर्सानुवर्सं हळद ऱ्हाती, किडा लागत न्हाय.

किडा का लागत न्हाय? कारन आत हवाच न्हाय. जी असती ती हळदच पिऊन टाकती. म्हनून पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतंय. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील इझला तर मानूस बी इझला. जुन्या मानसांनी असं गेल्यालं बघितलंय. तुमचा बाबा श्वास घेत नसंल तर त्याच्यासारखी झोपायची जागा दुसरी न्हाय. उजेड न्हाय, हवा न्हाय, वर्सभर कोन डोकावत न्हाय.

एकच खोट. पेव आतनं उघडत न्हाय.

लाल_पेशी

काका, कमाल! म्हणजे पेव उघडल्यावर पहिला उतरलेला हमाल मेला तर गाव म्हणणार, हवेनं गेला. मान कोण बघतंय?

कृष्णाकाठ

दंडवत. पेव मी वरूनच पाहिलं होतं, शीर्षकापुरतं. आता सगळी कादंबरी तिथेच नेऊन ठेवतो. आतून उघडत नाही ही खोट नाही काका, तेच मला हवं होतं. बाहेर यायला त्याला माणसांची गरज लागली पाहिजे.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. तो परत पेवात का शिरेल? आणि मागे का जाईल?

नुसता_वाचक

पूर.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, तिन्ही बाजूंनी पाणी चढत होतं. जुन्या युरोपी समजुतीप्रमाणे व्हॅम्पायरला वाहतं पाणी ओलांडता येत नाही. स्टोकरच्या १८९७च्या ड्रॅक्युलाला तर भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते. आमच्या कृष्णेला भरती नाही, नुसता विसर्ग आहे. एनडीआरएफच्या बोटीत बसायचं तर पाणी ओलांडावं लागणार. मग उरतं काय? खाली.

(आणि उन्हाने व्हॅम्पायर जळतो हे मूळ पुस्तकात नाही बरं का. तिथे तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. ऊन घातक झालं ते १९२२च्या जर्मन मूकपटापासून. तेव्हा तो दिवसा मार्केट यार्डात दिसला म्हणून कोणी ओरडू नये.)

माझी वरची शंका मी मागे घेत नाही, पण आता हा पाहुणा सांगलीचाच वाटायला लागलाय.

सेकंदकाटा

थांबा. हे जुळतंय. फार जुळतंय.

तो २०१९ला पेवात शिरतो आणि १८४३ला त्याच पेवातून निघतो. मग १८४३च्या आधी तो कुठे होता? कुठेच नाही. २०१९च्या नंतर? कुठेच नाही. या दोन वर्षांच्या मध्ये तो एकच आहे, त्यामुळे स्वतःला भेटण्याचा घोळही नाही. त्याला कोणी चावलं नाही, तो कोणापासून झाला नाही. ती लागण नाहीच, म्हणून पसरतही नाही. मिरजेच्या ताईंचे ३३ महिने निकालात.

अशा बंद कड्यात, म्हणजे शेवट जिथे सुरुवातीलाच येऊन मिळतो अशा काळाच्या वर्तुळात, एक मोठी अडचण नेहमी येते. समजा घड्याळ असं फिरवलं. म्हातारी नायकाला देते, नायक भूतकाळात नेऊन तिला तरुणपणी देतो, ती जपून ठेवते, पुन्हा त्याला देते. ते बनवलं कोणी, हा प्रश्न लोक विचारतात. पण त्याहून वाईट प्रश्न असा की दर फेऱ्यात ते झिजणार. आणि "दर फेरा" असं काही नसतंच, कडं एकच आहे. म्हणजे आत शिरणारं घड्याळ आणि बाहेर पडणारं घड्याळ ओरखड्यासकट तंतोतंत एक असायला हवं. झिजणारी कुठलीही वस्तू या कड्यात बसत नाही.

आणि व्हॅम्पायर झिजत नाही! जखमा भरतात, वय वाढत नाही. दुसऱ्यांचं रक्त पिऊन तो स्वतःची घडी मोडू देत नाही. श्रोडिंगरने १९४४ला लिहिलं की सजीव बाहेरून सुव्यवस्था खातो, म्हणून टिकतो. तुमचा नायक तेच टोकाला नेऊन करतो. काळाच्या बंद कड्यात बसू शकणारा देह म्हातारा न होणाराच असणार. कृष्णाकाठ, तुम्ही विचारत होता की व्हॅम्पायरला काळप्रवास कशाला. प्रश्न उलटा करा. काळप्रवासाला व्हॅम्पायरच लागतो.

उसातला_बिबट्या

भडंग संपलं. दुसरी पुडी आणतो.

अंगावरच्या कपड्यांचं काय पण? ते झिजतात. आणि खिशातला मोबाईल?

सेकंदकाटा

कपडे कड्यात नाहीत. २०१९चा शर्ट १८४३ला पोचतो, तिथे फाटतो, संपतो. मोबाईल पेवातच पडला तर १७६ वर्षं सडून २०१९च्या गाळात सापडेल, नव्या मॉडेलचा आणि गंजलेला. यात विरोधाभास काही नाही. मला तर हे प्रकरण आवडेल.

मिरजेची_सून

एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. शरीर तंतोतंत एक हवं, मग मेंदूही शरीरातच येतो ना? आत शिरताना त्याला १७६ वर्षं आठवतात. बाहेर पडताना तीच आठवत असतील, तर पुढच्या १७६ वर्षांची भर त्यात पडणार, आणि कडं मोडणार.

म्हणजे तो सगळं विसरायला हवा.

सेकंदकाटा

ताई, बरोबर. सुटका नाही.

कृष्णाकाठ

हे वाचून चहा थंड झाला. विसरण्याने पेव तापतं असं लिहू का? स्मृती पुसली की उष्णता बाहेर पडते असं कुठेतरी वाचलंय. पेवातली हळद वाफाळतेय, असं दृश्य डोळ्यांपुढे आलं.

सेकंदकाटा

लँडाउअर, १९६१. तत्त्व खरं आहे, पण आकडा इतका बारीक की अख्खा मेंदू पुसला तरी तळहाताला जाणवणार नाही. वाफ हवी असेल तर हळद शिजवणाऱ्या कुकरची घ्या, विज्ञानाच्या नावावर नको.

मिरजेची_सून

वाफ सोडा हो. मला वाचक म्हणून अडचण वेगळी दिसते. त्याला सुरुवातीला काही आठवत नाही आणि शेवटी सगळं पुसलं जाणार, तर मी त्याच्यात जीव का गुंतवू?

माझं मत: गोष्ट त्याच्या तोंडून सांगू नका. पेव ज्यांच्या मालकीचं त्या घराकडून सांगा. पिढ्या बदलतात, घरातली मंडळी मरतात, आणि वखारीत एक हमाल तोच राहतो. आजीला माहीत असतं, सून आली की तिला सांगितलं जातं. आमच्याकडे व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या मोडीत असायच्या, त्यात दर काही पानांनी त्याच्या नावावर एक नोंद पडू दे. आठवण त्याच्या डोक्यात राहू शकत नाही, पण वहीत राहते. वही कड्यात नाही, ती सरळ चालते, कसर लागते, पानं गळतात.

आणि कधीतरी त्याला ती वाचता येते.

नुसता_वाचक

म्हणजे पुराच्या रात्री त्याला माहीत असतं! पाण्यात गेलं तर संपला, पेवात गेलं तर सगळी माणसं पुसली जाणार. नारळीकरांनी त्यांच्या विज्ञानकथेत विश्वासरावांना लागायची गोळी चुकवून पानिपताचा निकाल फिरवला होता, तसं इथे त्याने पाणी निवडलं तर वेगळा इतिहास सुरू होईल का?

सेकंदकाटा

तिथे इतिहासाला फाटा फुटतो. इथे एकच रेघ आहे. नोव्हिकोव्हच्या तत्त्वाप्रमाणे जे घडलं त्याच्याशी विसंगत काही घडूच शकत नाही. १८४३ला तो निघाला, म्हणजे २०१९ला तो शिरला. निवड नाही.

मिरजेची_सून

निवड नाही हे तुम्हाला माहीत, सर. त्याला कुठे माहीत आहे? पाणी दारात आलंय आणि वही हातात आहे, त्या क्षणी तो निवडतोच आहे. तेवढंच मला वाचायचंय.

सेकंदकाटा

हे मी वर्गात सांगू शकणार नाही, पण मान्य.

नुसता_वाचक

अजून एक टाकतो, वापरायचं तर वापरा. तो आईबापांशिवाय जमिनीतून निघालेला, अयोनिज. त्याच वर्षी सांगलीत रंगमंचावर कोणाची गोष्ट चाललीय? जमिनीतून सापडलेल्या मुलीची. तो गर्दीत उभा राहून सीतेची कथा पहिल्यांदा ऐकतो आणि राक्षसांत सामील व्हायला निघालेला तिथेच थबकतो.

कृष्णाकाठ

वापरणार. त्याचा उल्लेख फक्त एका ओळीत करीन, नाहीतर समीक्षक ते लगेच पकडतील.

आतापर्यंत ठरलेलं लिहून ठेवतो, म्हणजे मलाच विसर पडायला नको. यंत्र नाही, पेव आहे, आणि ते कोणी केलं याचं उत्तर कादंबरीत नाही. चावल्याने कोणी बदलत नाही. कातडी कांस्य. निवेदक घरातली सून, आणि शक्यतो एकच नाही, तीन पिढ्यांतल्या तिघी. सूड आणि प्रेमाची प्रकरणं बाद. प्रेमाचं प्रकरण काढताना जिवावर येतंय, पण तो हमाल आणि ती सून यांच्यात जे आहे त्याला नाव न देणंच बरं.

एक गोष्ट मात्र सेकंदकाटा सरांचं न ऐकता करणार आहे. त्याच्या हाताला हळदीचा वास राहतो, आणि तो १८४३ला बाहेर पडतो तेव्हाही असतो. तो कशाचा हे त्याला कळत नाही.

सेकंदकाटा

शिरतानाही असेल तर चालेल. नियमात बसतं.

लाल_पेशी

१९०१नंतरच्या, म्हणजे रक्तगटांचा शोध लागल्यानंतरच्या प्रकरणात रक्तगट आणू नका, प्यायला गट जुळावा लागत नाही. पोटात गेलं की सगळी प्रथिनंच. बऱ्याच कथांत हा घोळ असतो. आणि आधुनिक काळात तो रक्तपेढीवर डल्ला मारणार असेल तर लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवली तरी ३५-४२ दिवसच टिकते. साठा करून भागणार नाही.

उसातला_बिबट्या

दुसऱ्या भागात काय, तोच नायक परत पहिल्यापासून?

कृष्णाकाठ

दुसरा भाग नाही. हा पुरे.

पेवकरी काका, पेव आतून बघायला मिळेल का? वर्णन ऐकीव नको. पूर ओसरल्यावर आत कसं दिसतं तेही विचारायचंय.

पेवकरी

या की. पर आता लई थोडी शिल्लक हायती. २००५ला पानी शिरलं, पोतीच्या पोती कुजली, २०१९ला उरलीसुरली बसली. सगळी हळद आता शीतगृहात. आमचं एक हाय, रिकामं. पूर आल्यालं पेव आत गाळानं लिंपल्यागत दिसतंय, बाजूच्या मातीचे पोपडे पडल्याले असत्यात. फोटोत येत न्हाय, डोळ्यानंच बघावं लागतंय.

सकाळी या, तोंड आदल्या दिशी उघडून ठेवतो. आन बॅटरी घिऊन येऊ नका, ती हवा नसली तरी जळतीच. कंदील आना.